परक्या बागेतला पाहुणचार

रस्ता दोन्ही बाजूंनी रिकामा असला तरी पायी जाणाऱ्यांचा हिरवा दिवा लागल्याशिवाय ती पाऊल उचलत नसे. इंग्लंडातली माणसंसुद्धा इतकी शिस्तीची नाहीत. ती इकडेतिकडे पाहतात आणि निघतात. मी पलीकडे पोचून ओरडायची, "चाल न वं, कोनी पाहून नाही राहिलं!"

ती तिकडूनच म्हणायची, "कॅमेरा पाहून राहिला."

ती बार्शीटाकळीची, मी मोर्शीकडची. दोघींची पदवी शेतीची, तिची अकोल्याची, माझी अमरावतीची. पण आमची पहिली भेट झाली ती इंग्लंडातल्या विद्यापीठाच्या वसतिगृहात, सगळ्यांच्या सामाईक स्वयंपाकघरात. मी ठेच्यासाठी मिरच्या भाजत होते आणि छताला लावलेली धुराची घंटा ठणाणा वाजायला लागली. एक मुलगी धावत आली, तिनं खिडक्या उघडल्या, टॉवेल गरागरा फिरवला आणि माझ्यावर खेकसली, "बंद कर न वं ते, फायर ब्रिगेड येईन!" परक्या मुलखात कानावर आलेली ती वऱ्हाडी ऐकून मी तवा हातात धरून नुसती हसत उभी राहिले. ती मात्र पुन्हा पुन्हा दाराबाहेर डोकावत होती. मला वाटलं, मिरचीचा ठसका असेल.

ती बौद्ध, मी कुणबी. आम्ही हे बोललो नाही, पण वऱ्हाडातल्या दोन माणसांना ते कळायला बोलावं लागत नाही. इतक्या लांब आल्यावर ते सगळं मागं राहिलं, अशी माझी समजूत होती. मला तिच्याबद्दल काही वाटत नव्हतं, म्हणून तिलाही काही वाटत नसेल, असा माझा साधा हिशोब.

ती सरकारी शिष्यवृत्तीवर आलेली. निघण्याआधी तिनं हमीपत्र लिहून दिलं होतं. त्यातलं गैरवर्तनाचं कलम तिला तोंडपाठ होतं. विद्यापीठाकडून एक तक्रार गेली किंवा पोलिसांत एकदा नाव लागलं, की शिष्यवृत्ती बंद आणि परतीचं विमान. "आन् मी एकटी नाही वापस जानार," ती म्हणायची. "आमच्या मोहल्ल्यातल्या पुढच्या साऱ्या पोरींले सांगतीन, पाह्यलं, एक गेली होती, काय करून आली." मी बँकेच्या कर्जावर आले होते. बँकेला माझ्या वागण्याशी काही घेणंदेणं नव्हतं. त्यामुळे तिची भीती मला विनोदी वाटायची. मी तिला भित्री भागूबाई म्हणायची, ती मला पाटलीनबाई. आमच्या घरात पाटीलकी कधीच नव्हती. चार एकर संत्रा, तोही दोन काकांच्या वाटणीतून उरलेला. कॉलेजचं तोंड पाहिलेली घरातली मी पहिली. हे मी तिला सांगितलं, तर म्हणाली, "चार एकर हाय न? मंग झालं."

ऑक्टोबरात विद्यापीठानं परदेशी विद्यार्थ्यांसाठी एका दिवसाची सहल काढली. पश्चिमेला, वेल्सची हद्द लागते तिकडे. जुना किल्ला, नदीचा मोठा वळसा दिसतो असा कडा, आणि शेवटी एका खेड्यात मोकळे दोन तास. ती यायला तयार नव्हती, असाइनमेंट बाकी आहे म्हणाली. मी म्हटलं, "चिखलदऱ्याच्या सहलीले कोनी असाइनमेंट पाहत असते काय?" आदल्या संध्याकाळी आम्ही दोघींनी मिळून तिखट-मिठाच्या पुऱ्या तळल्या. सकाळी ती बसजवळ माझ्याआधी हजर होती, पाठीवर बॅग, गळ्यात विद्यापीठाचं ओळखपत्र. मी म्हटलं, "हे कशाले लटकवलं? शाळेची सहल हाय काय?" तर म्हणे, "कोनी विचारलं तं दाखवाले."

बसमध्ये मागच्या सीटवरच्या दोन चिनी मुलींनी पुऱ्यांचा वास घेतला, मग पुऱ्याही घेतल्या. एकीच्या डोळ्यांतून पाणी आलं तरी ती अजून मागत होती. आम्ही दोघी हसून हसून दमलो. त्या हसण्यात ती मला पहिल्यांदा बरोबरीची वाटली. म्हणजे अभ्यासात ती माझ्यापेक्षा पुढेच होती. मी म्हणते ते मोकळेपणात.

किल्ला म्हणजे चार पडक्या भिंती आणि मधोमध कापलेलं गवत. मी म्हटलं, "याच्यापेक्षा आमचा गाविलगड कधीबी भारी."

"गाविलगड राहू दे, आमचा नरनाळा पाह्यला काय तू?"

"नरनाळ्यात काय हाय? वाघ आन् झुडपं."

"वाघ तं हाय न! यायच्या किल्ल्यात कबुतर हाय फक्त."

कड्यावर पोचलो तेव्हा दरीत धुकं होतं. मग ते हळूहळू उचललं गेलं आणि खाली नदी दिसली. लांबून येते, डोंगराला वळसा घालते आणि आली त्याच बाजूला परत जाते. दोन्ही काठांची झाडं पिवळी, तांबडी, तपकिरी. आपल्याकडे झाडं एकाच वेळी अशी रंगत नाहीत. ती कठड्याला टेकून इतका वेळ उभी राहिली की मी तिला हाक मारली नाही. शेवटी तीच म्हणाली, "मायले दाखवाले पाह्यजे होतं हे." तिनं फोटो काढला आणि तिथूनच घरी पाठवला.

इथपर्यंतचा दिवस मी कोणालाही आनंदानं सांगू शकते.

खेड्यात उतरल्यावर बाकीचे चहाच्या दुकानांत शिरले. आम्हाला चालायचं होतं. गावाबाहेर एका लाकडी खांबावर पिवळा बाण होता आणि पाटी होती, की ही सार्वजनिक पायवाट आहे. पुढे छोटं फाटक, आणि फाटकाच्या आत सफरचंदाची बाग. पायवाट सरळ बागेच्या मधून गेलेली.

ती थांबली. "प्रायव्हेट असंल."

"वाच न. पब्लिक लिहिलं हाय. आपल्याकडे पांदण नसते काय, लोकायच्या वावरातून जाते तशी?"

"आपल्याकडच्या पांदणीचं तू मले सांगू नको," ती म्हणाली, पण फाटक ढकलून आत आली.

आत आल्यावर मला काय झालं, ते नीट सांगायला हवं. झाडं ओळीनं लावलेली, मधलं अंतर मोजून सोडलेलं, बुंध्याला पांढरं काही फासलेलं, खाली ओल्या गवतात गळलेली फळं आणि त्यांचा आंबूस वास. घर सोडल्याला सहा आठवडे झाले होते आणि एवढ्या दिवसांत मला ओळखीची अशी ही पहिली जागा भेटली. फळ निराळं, पण बाग ती बागच. फांदीचं ओझं पाहून बहार किती ते मी सांगू शकत होते. मी मोठमोठ्यानं बोलायला लागले, झाडांच्या ओळी दाखवायला लागले, छाटणी कुठं चुकली ते सांगायला लागले. बाग माझ्या बापाची असल्यासारखी.

आमच्याकडे एक रीत आहे. आमची बाग रिद्धपूरच्या वाटेवर पडते. देवस्थानाला जाणारे-येणारे लोक उन्हाचे सावलीला थांबतात. बाबा त्यांना म्हणतात, तोडा, बसा, खा. झाडाखाली बसून माणूस किती खाणार? पोटात गेलं ते बागेनं दिलं. पिशवीत घातलं तर मात्र ती चोरी. आणि ओळखीचं कोणी आलं, लेकीची मैत्रीण आली, तर तिला रिकाम्या हातानं बागेबाहेर जाऊ द्यायचं नाही, चार फळं तिच्या पदरात घालायची. वऱ्हाडात कुणाच्याही शेतात शिरा, हरभऱ्याचे घाटे खा, तुरीच्या शेंगा खा, कोणी काही म्हणत नाही, असं मी लहानपणापासून ऐकत आणि सांगत आले होते. पुण्याच्या एका मुलीला मी एकदा ऐकवलंही होतं, की तुमच्याकडे पाणी विचारून देतात, आमच्याकडे बाग खायला देतात. या रीतीचा मला अभिमान होता.

मी हात उंचावला आणि एक सफरचंद तोडलं. चावा घेतला. करकरीत, आंबटगोड, रस हनुवटीवर आला.

"अवं काय करून राहिली तू!" ती दबक्या आवाजात म्हणाली.

"खाऊन पाह्य, मस्त हाय." मी दुसरं तोडून तिच्यापुढे धरलं.

"मले नाही पाह्यजे."

"घे न. झाडाखाली खाल्लं तं कोनी काही म्हनत नाही."

"तुले नाही म्हनत."

हे ती म्हणाली होती. मी ऐकलंही होतं. पण मला वाटलं, ती माझ्या फटकळपणाबद्दल बोलते आहे, की माझ्या तोंडाला कोण लागणार. मी हसले. "बरं, रस्त्यानं खाजो मंग," म्हणून त्याच्या जोडीला आणखी एक तांबडं फळ तोडलं आणि ती पुढे चालत असताना मागून तिच्या बॅगेची चेन ओढून दोन्ही आत टाकली. पिशवीत घातलं तर चोरी, ही आमचीच रीत. पण त्या क्षणी मी चोर नव्हतेच, मी यजमान होते. पाहुणीला रिकाम्या हातानं बाहेर पाठवत नव्हते. दुसऱ्याच्या बागेत मी तिचा पाहुणचार करत होते.

तिनं मान वळवून विचारलं, "काय टाकलं?"

"काही नाही, चाल."

तेवढ्यात ओळीच्या टोकाकडून कुत्रा भुंकत आला. त्याच्यामागून एक बाई. साठीची असेल, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, अंगावर जुनं जाड जाकीट. माझ्या हातात अर्धं खाल्लेलं सफरचंद होतं. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि अगदी हळू आवाजात इंग्रजीत म्हणाली, "पायवाट सगळ्यांची आहे. सफरचंदं पायवाटेत येत नाहीत."

बस, एवढंच. आवाज चढला नव्हता. मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं. आणि माझ्या शेजारी काहीतरी धपकन पडलं.

मैत्रिणीनं बॅग पाठीवरून उतरवली होती. कोणी मागितली नव्हती. ती गुडघ्यांवर बसली, चेन पूर्ण उघडली आणि बॅग उलटी केली. छत्री, पाण्याची बाटली, पुऱ्यांचा डबा, रुमालात बांधलेलं काही, पासपोर्टच्या झेरॉक्सची प्लास्टिकची पिशवी, सगळं ओल्या गवतावर पडलं. ती म्हणत होती, "प्लीज चेक, मॅडम. नथिंग. प्लीज चेक." मग तिनं जाकिटाचे दोन्ही खिसे बाहेर ओढून दाखवले. आणि बॅगेच्या तळातून ती दोन सफरचंदं घरंगळत आली आणि डब्याला येऊन टेकली.

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

"ती मी टाकली," मी लगेच म्हटलं, "तिला माहीत नव्हतं. तोडलीही मीच." माझा आवाज नको तितका मोठा निघाला. बाईनं माझं ऐकलं की नाही कोण जाणे. ती पार गोंधळली होती. गालांवर लाल चट्टे आले होते तिच्या. "नको नको, हे काय, भरा ते परत," असं म्हणत ती स्वतः खाली वाकली आणि रुमाल उचलायला लागली. "मी मागितलं नव्हतं तुमची बॅग पाहायला. मी असं म्हटलं होतं का?" ती मला विचारत होती. जणू माझ्याकडून तिला खात्री हवी होती.

माझी मैत्रीण मात्र एकच विचारत राहिली, "मॅडम, यू विल कम्प्लेन? टू युनिव्हर्सिटी? टू पोलीस?"

"दोन सफरचंदांसाठी?" बाई म्हणाली. पण बोलता बोलता तिची नजर मैत्रिणीच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर गेली. माणसाची जाते तशी, सहज. मैत्रिणीनं ते पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

बाई म्हणाली, न्या ती फळं, खा. मैत्रीण नाही म्हणाली. तिनं सामान भरलं, दोन्ही सफरचंदं उचलली आणि झाडाच्या बुंध्याशी नीट ठेवली. माझ्या हातातलं अर्धं फळ कुठं ठेवावं ते मला कळेना. टाकावं तर उर्मट दिसेल, खावं तर निर्लज्ज. ते तसंच मुठीत घेऊन मी फाटकाबाहेर आले.

बस सुटायला वेळ होता. गावातल्या चर्चपाशी बाकावर बसलो. मी म्हटलं, "सॉरी वं. पन तू बॅग काहून उलटी केली? तिनं तं मागतलीबी नव्हती."

तिनं बॅगेला चिकटलेलं ओलं गवत झाडलं. मग बोलली ते अगदी सरळ, कोणाचा राग नसल्यासारखं.

"माही माय हरभरा सोंगाले जाये न, तं संध्याकाळी घरी निघतानी वावराच्या धुऱ्यावर उभी राहून लुगड्याचा ओचा झटकून दाखवे. मालकानं म्हनो का नको म्हनो. मी लहान असतानी माह्या फ्रॉकचे खिसे बी उलटे करे. मी विचारलं, माय, आपन तं काही घेतलं नाही, मंग काहून? तं म्हने, त्यायनं मागाच्या आंधी दाखवून टाकलं का मंग मागत नाहीत. मागतलं का मनाले लागते."

मी म्हटलं, "पन वऱ्हाडात तं कोनाच्याही वावरात..."

"कोनाच्याही?" तिनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "बाप्पा! तुमी खाता तं ते खानं होते, पाटलीनबाई. आमी हात लावला का झडती होते. तुले हे माहीतच नाही, याचंच मले नवल वाटून राहिलं."

परतीच्या बसमध्ये ती माझ्याच शेजारी बसली. रुसली असती, दुसरीकडे बसली असती, तर मला सोपं गेलं असतं. ती खिडकीला डोकं टेकून फोनवर मेल पाहत होती. थोड्या थोड्या वेळानं परत पाहत होती. विद्यापीठाकडून काही आलं का ते.

रविवारी दुपारी मी घरी व्हिडिओ कॉल लावला. आमची दुपार म्हणजे तिकडची संध्याकाळ, आई बागेत असते. मला खरं तर ऐकायचं होतं, की आपल्याकडे तसं नसतं. बार्शीटाकळीकडे असेल, आपल्याकडे नाही. आईनं फोन बागेच्या कुंपणाच्या खांबाला टेकवून ठेवला होता. पडद्यावर आईचा अर्धा चेहरा, मागं संत्र्याची झाडं, फळांना पिवळटपणा यायला लागलेला.

"जेवली काय?"

"जेवली. काय चालू हाय?"

"निंदन चालू हाय. बाया आल्या. बाग व्यापाऱ्याले देल्ली यंदा, मांगच्या हप्त्यात सौदा झाला. थांब जराशी हां."

ती पडद्याबाहेर गेली. तिचा आवाज येत होता. "हं, दाखव वं. डबा उघड. तुही पिशवी? बरं, जा. उद्या लवकर या बरं."

हा आवाज मी रोज संध्याकाळी ऐकत मोठी झाले आहे. कोंबड्या झाकायचा आवाज असतो, मोटार बंद करायचा असतो, तसा हा एक. बाया घरी जातात, आई फाटकाशी उभी असते. आई का, तर बाया आहेत, पुरुष माणसानं त्यांच्या पिशव्यांत हात घालणं बरं दिसत नाही. इतकं नीट ठरलेलं. मी त्याला कधी झडती म्हटलं नव्हतं. त्याला काही नावच नव्हतं आमच्या घरात.

"आई," मी म्हटलं, "पिशव्या काहून पाह्यतं?"

"म्हनजे?"

"त्यायनं काही घेतलं काय?"

"घेतलं नाही म्हनूनच तं पाह्यतो. पाह्यलं नाही तं घेतीन. व्यापारी एक एक फळ मोजून नेते, कमी भरलं का मले बोलते. मी काय हौसेनं उभी राह्यतो काय इथं?"

"रिद्धपूरच्या लोकायच्या तं नाही पाहत."

"ते तं पाहुने हायत," आई म्हणाली. तिला या प्रश्नात काही अवघड वाटलं नाही.

तेवढ्यात एक बाई फोनसमोर आली. आमच्याकडे कित्येक वर्षं कामाला येते. माझी बारावी झाली तेव्हा तिनं माझ्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली होती. पडद्यावर मला पाहून तिचं सगळं तोंड हसलं. "काय वं बाई, भल्ली गोरी झाली! थंडी हाय काय तिकडं?" आणि हे विचारता विचारताच, तिकडे न पाहता, तिनं डाव्या हातानं पिशवी उलटी करून आईला दाखवली, झटकली, काखेत घातली, आणि त्याच हातानं मला टाटा केला.

मी टाटा केला. मला हसावंही लागलं, कारण ती हसत होती.

"आई, नको पाहत जाऊ," मी म्हटलं.

"मंग तू येऊन राख बाग," आई म्हणाली. आणि मग तिनं आणखी एक विचारलं, त्याला मी काहीतरी उत्तर दिलं आणि फोन ठेवला.

सोमवारी सकाळी ती माझ्या खोलीत आली. हातात फोन. ओठ पांढरे पडलेले. "आला," ती म्हणाली. "तू उघड. माह्यानं होत नाही."

मेल परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयाचा होता. विषय, शनिवारची सहल. मी उघडला. सहल आवडली का, पाचपैकी किती तारे द्याल, जेवणाची सोय कशी वाटली, एवढंच होतं त्यात. मी तिला वाचून दाखवलं. तिनं माझ्या हातातून फोन घेऊन स्वतः वाचला, शेवटपर्यंत, खालची बारीक अक्षरंसुद्धा. मग पलंगावर बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिनं पाचही तारे दाबून टाकले. "जेवनाची सोय उत्तम होती म्हना," ती म्हणाली. आणि मग जाकिटाच्या बाहीनं डोळे पुसत राहिली, बराच वेळ.

तिच्या नावावर काही आलं नव्हतं. मला मोकळं वाटायला हवं होतं. पण शनिवारपासून सोमवारपर्यंत ती ज्या भीतीत होती, ती भीती मी तिच्या बॅगेत टाकली होती, आणि ती कुठून आणली होती तेही मला आता माहीत होतं. मी चहा केला. तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. आईचं, फाटकाचं, त्या बाईच्या पिशवीचं.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "हे तू मले काहून सांगून राहिली?"

"माहीत असावं म्हनून."

"मले तं माहीतच हाय. सांगतलं कोनी कोनाले, परवा?" तिनं कप खाली ठेवला. "तुले आता वाईट वाटून राहिलं, तं मी म्हनावं का जाऊ दे वं, तुही काय चूक. असंच न?"

तसंच होतं.

"एक सांग," ती म्हणाली. "तुह्या मायनं विचारलं असंल न, मैत्रीन कोनाची हाय म्हनून?"

फटकळ म्हणून माझी गावभर ख्याती आहे. सरपंचाला तोंडावर बोललेली मुलगी मी. आईनं काल फोन ठेवण्याआधी नेमकं तेच विचारलं होतं. अकोल्याकडची कोण भेटली म्हणत होतीस, कोणाची, आडनाव काय?

"विचारलं," मी म्हटलं.

"मंग? काय सांगतलं?"

"म्हटलं, आवाज येत नाही."

ती हसली नाही, चिडलीही नाही. मान हलवली, हिशोब बरोबर निघाल्यासारखी. "येतच नाही, अशा टायमाले," ती म्हणाली, कप धुऊन उपडा ठेवला आणि लायब्ररीत निघून गेली.

मी त्याच जागी बसून घरी फोन लावला. आई म्हणाली, आज अवेळी कसा? मी म्हटलं, काल तू विचारलं होतंस, आणि तिचं आडनाव सांगितलं. पूर्ण नाव, आडनाव, गाव.

आई "बरं," म्हणाली. मग म्हणाली, "सैपाक संगच करता काय तुमी?"

"हो. जेवतो बी संगच."

त्यावर ती काही बोलली नाही. मी वाट पाहत होते. लाइन अगदी साफ होती. मागं कुठंतरी बाया एकमेकींना हाका मारत होत्या, तेसुद्धा स्वच्छ ऐकू येत होतं.